ओसरी आणि माजघर

आमच्या मावशीचा असा ठाम समज आहे, की मी लग्नमुंजींच्या नोंदी ठेवतो. यात तिचा दोष नाही. "हल्ली काय करतोस रे?" असं तिनं विचारलं आणि मी खरं उत्तर दिलं, "मावशी, मी फंक्शन्स लिहून काढतो. पब्लिक आणि इंटर्नल, दोन्ही." आता मराठी घरात 'फंक्शन' या शब्दाला एकच अर्थ आहे आणि त्या अर्थाच्या शेवटी जेवण असतं. मावशीनं मान डोलावली. "म्हणजे पब्लिक गणपतीचं आणि इंटर्नल डोहाळजेवण वगैरे. चांगलं काम आहे. मग नातवाच्या मुंजीचंही लिहून काढ हो. आहेर कुणी काय दिला तेवढं मात्र नीट लिही, विसरायला होतं."

मी बरेच दिवस हा किस्सा हसण्यावारी नेत असे. पुढे लक्षात आलं, की माझ्या धंद्याची एवढी सुटसुटीत व्याख्या आमच्या कंपनीतल्या कुणालाही करता आलेली नाही. कुणी काय दिलं, काय घेतलं ते नीट लिहायचं, कारण विसरायला होतं.

संगणकाचा मोठा प्रोग्रॅम म्हणजे काही लाख ओळींचा संसार. तो एका दमात कुणी लिहीत नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतात आणि एकेका तुकड्याला एकेक काम नेमून देतात. एकानं व्याज काढायचं, एकानं तारीख तपासायची, एकानं नावं अकारविल्हे लावायची. या तुकड्याला फंक्शन म्हणतात. त्यांतली काही बाहेरच्यांनी हाक मारली तरी ओ देतात, ती पब्लिक. बाकीची फक्त घरच्यांच्या हाकेला उठतात, ती इंटर्नल. प्रत्येक फंक्शनला काय द्यावं लागतं, ते काय परत देतं आणि कशानं रुसतं, हे लिहून ठेवणारा कारकून म्हणजे मी.

ज्यांनी जुनी घरं पाहिली आहेत त्यांना हा भेद समजावून सांगायला नको. घराला ओसरी असे आणि माजघर असे. ओसरीवर कुणीही यावं, टेकावं, पाणी मागावं. पाण्याबरोबर गुळाचा खडा मिळे. ते पाणी कुठल्या घागरीतलं, ती कुणी भरली, आणि ती भरण्यावरून सकाळी दोन जावांचं काय झालं, हे पाहुण्यानं विचारायचं नसे. संगणकाच्या भाषांनीही हीच रीत उचलली आहे. जावा भाषेत आतल्या फंक्शनवर 'प्रायव्हेट' अशी पाटी लावली, की दाराला आतून कडी लागते. पायथन भाषेत फंक्शनच्या नावाआधी नुसती एक आडवी रेघ मारतात. ती कडी नव्हे, पडदा आहे. सभ्य माणसानं तो सारून आत जाऊ नये एवढीच अपेक्षा. पण पाहुणे कसले वस्ताद! ओसरीवर बसल्या बसल्या ते माजघरातल्या मुसळाच्या आवाजावर आपलं घड्याळ लावतात, आणि एखाद्या दिवशी कांडण नसलं, की आमचं घड्याळ बिघडवलंत म्हणून तक्रार करतात. हायरम राइट नावाच्या इंजिनिअरच्या नावानं या मनुष्यस्वभावाचा एक नियमच प्रसिद्ध आहे.

या विद्येचा इतिहास जुळवायला मला सवड मिळाली ती हेमलकशाला. पुण्याची मंडळी आनंदवन, सोमनाथ, हेमलकसा अशी यात्रा थंडीत करतात. मला रजा ऑगस्टात मिळाली, म्हणून आम्ही उभयता ऑगस्टात गेलो. आलापल्लीपासून साठेक किलोमीटर जंगलातून जाऊन हेमलकशाला पोचलो आणि त्याच रात्री पावसानं मागचा रस्ता बंद केला. पुढे भामरागडच्या बाजूला पर्लकोटा नदी पुलावरून वाहत होती, मागे ओढे. फोनला रेंज नव्हती, त्यामुळे साहेबांना मी सापडत नव्हतो. विचार करायला याहून चांगली परिस्थिती मध्यमवर्गीय माणसाला मिळत नाही. बरोबर लॅपटॉप होता. त्यात एका बँकेच्या कर्जखात्यांचा प्रोग्रॅम होता आणि त्यातली बिनवर्णनाची शेकडो फंक्शन्स माझी वाट पाहत होती. त्यांतल्या एकानं माझी झोप उडवली होती. त्याची गोष्ट ओघानं येईल, आधी इतिहास.

मूळपीठ केंब्रिज. तिथं मॉरिस विल्क्स यांच्या हाताखाली तयार झालेला एड्सॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला. त्याला काम सांगायचं तर भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्या भरवायच्या. थोड्याच दिवसांत सगळ्यांच्या लक्षात आलं, की वर्गमूळ काढणं, आकडे छापणं अशी कामं प्रत्येक जण पुन्हा पुन्हा नव्यानं लिहितो आहे. तेव्हा डेव्हिड व्हीलर या तरुणानं एकदा लिहून कुणीही वापरावेत अशा तुकड्यांची पद्धत बसवली. त्या पट्ट्या एका पोलादी कपाटात ठेवत. १९५१ साली विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी त्यावर पुस्तक लिहिलं, तोवर कपाटात ८७ तुकडे जमले होते. लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात तसं प्रत्येकाचं वर्णन.

१९५२ साली व्हीलरनं एक छोटा निबंध वाचला. त्यात तो म्हणतो, की तुकडा नुसता लिहिण्यापेक्षा तो कपाटात ठेवण्याजोगा करायला कितीतरी जास्त खपावं लागतं. आणि तो लिहून, तपासून झाला तरी आतली रचना ज्याला ठाऊक नाही त्यालाही सहज वापरता येईल असं वर्णन लिहायचं शिल्लक राहतंच, आणि हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड ठरू शकतं. वाचकहो, संगणक जेमतेम तीन वर्षांचा झाला होता, आणि तेव्हाच जाणत्या माणसानं हे सांगून ठेवलं! सत्तर वर्षांनंतरही आमच्या ऑफिसात वर्णन लिहिणाऱ्याची खुर्ची झेरॉक्स मशीनच्या मागे असते.

मराठी माणसाला इतिहास सांगायचा आणि रायगडाला जायचं नाही, हे घडणं नाही. विनोदी लेखात महाराजांचं नाव जपून घ्यावं, म्हणून एवढा भाग मी मांडी नीट घालून लिहितो. १६७४ साली राज्याभिषेक झाला. त्या सुमाराचा कानूजाबता म्हणून जो कागद प्रसिद्ध आहे, त्यात अष्टप्रधानांपैकी प्रत्येकानं काय करायचं ते मोजक्या शब्दांत नोंदवलेलं आहे. मुख्य प्रधानानं सर्व राजकार्य पाहावं, अमात्यानं जमाखर्च पाहावा, सचिवानं राजपत्रांतलं अधिकउणं शोधून दुरुस्त करावं. कसं करावं, याची चर्चा नाही. माझ्या व्यवसायाच्या भाषेत हे पब्लिक फंक्शनचं आदर्श वर्णन झालं. ही आठ नावं म्हणजे राज्याची ओसरी. आत अठरा कारखाने आणि बारा महाल होते. तोफखाना, दफ्तरखाना, मुदपाकखाना, उंटांचा उष्टरखाना. रयतेला न्यायाधीश माहीत असायला हवा. उंटांना चारा कोण घालतो हे माहीत नसलं तरी चालतं. उंटांना मात्र माहीत असावं लागतं.

या आठांत वयानं लहान असे रामचंद्र नीलकंठ, म्हणजे रामचंद्रपंत अमात्य. कानूजाबत्यात त्यांचं काम ओळी-दोन ओळींत आटोपतं. मग हा माणूस चार दशकं राज्याच्या माजघरात वावरला. महाराज गेले, संभाजीमहाराज गेले, राजाराममहाराज जिंजीला असताना इकडचा कारभार पंतांनी ओढला. आणि अगदी उतारवयात, १७१५च्या सुमारास, त्यांच्या हातून आज्ञापत्र उतरलं. त्यात नुसते नियम नाहीत, कारणं आहेत. आरमाराला लाकूड लागतं, पण रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत. का? तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत; लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात; ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही. अगदीच जीर्ण झाड असलं तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं.

आता 'आंबा तोडू नये' एवढंच लिहिलं असतं तरी हुकूम पुरा झाला असता. पण पुढच्या पिढीत एखादा हुशार कारभारी येतो. तो म्हणतो, हा नियम जुना झाला, याला आधार काय? कारण लिहिलेलं असलं की त्याला निदान त्या कारणाशी भांडावं लागतं. हे मला रायगडानं शिकवलं: बाहेरच्यासाठी 'काय' लिहावं, आतल्यासाठी 'का' लिहावं. बाहेरच्याला अडलं तर तो दार ठोठावू शकतो. आतल्याला दार ठोठावायची सोय नाही, कारण ज्याला विचारायचं तो माणूसच घर सोडून गेलेला असतो.

अमेरिकेत बेल लॅबमध्ये हे काम जरा वेगळ्या तऱ्हेनं झालं. युनिक्स या प्रणालीची सहावी आवृत्ती १९७५ साली बाहेर पडली. तिच्यात एका गहन जागी लेखकांनी शेजारी टीप लिहिली आहे. तिचा आशय असा, की हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. माजघराच्या दाराशी आजोबांनी आडवी काठी धरावी तशी ही टीप! तिच्यावर जगभर इतका गदारोळ झाला, की डेनिस रिची यांना पुढे खुलासा करावा लागला. ते म्हणाले, आमचा उद्देश हिणवण्याचा नव्हता, 'हे परीक्षेत येणार नाही' असं आम्हाला सुचवायचं होतं. आणि मग त्या भल्या माणसानं हेही सांगून टाकलं, की खरी अडचण अशी होती की तिथं काय चाललंय ते आम्हालाही नीट कळलेलं नव्हतं. एवढा प्रामाणिकपणा आमच्या कंपनीत दाखवला तर पगारवाढ थांबते.

ही काठी ओलांडली ती सिडनीच्या जॉन लायन्स या प्राध्यापकानं. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी त्यानं १९७६ साली युनिक्सच्या गाभ्याच्या सुमारे नऊ हजार ओळी एका वहीत छापल्या आणि दुसऱ्या वहीत त्यांवर भाष्य लिहिलं. ज्ञानेश्वरी वाचलेल्या समाजाला भाष्याचं महत्त्व सांगायला नको. पण १९७९ साली सातवी आवृत्ती आली आणि तिच्या परवान्यात आतला मजकूर वर्गात शिकवायला बंदी झाली. मग काय? लायन्सच्या वह्या झेरॉक्सच्या झेरॉक्सवर जगभर फिरल्या. उजळ माथ्यानं त्या छापल्या गेल्या १९९६ साली. कुलपाआडचं वर्णन लोक किती भुकेनं वाचतात, याचा याहून मोठा पुरावा नाही. माझी वर्णनं कुणी वाचत नाही म्हणून त्यांवर बंदी घालावी, अशी सूचना मी साहेबांना केली आहे.

आपल्याकडे हे काम पवईला झालं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली जीसीसी नावाचा कंपायलर जगाला फुकट दिला. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. हा दुभाषी पुढे वाढत वाढत एक कोटी ओळींच्या पलीकडे गेला. त्याच्या माहितीचं आधी एकच पुस्तक होतं. पुढे त्याची दोन झाली. एक तो वापरणाऱ्यांसाठी, दुसरं त्याच्या पोटात शिरणाऱ्यांसाठी. ओसरीचं वेगळं, माजघराचं वेगळं. तरी पोटात शिरणारे परत येताना दिसेनात. तेव्हा आयआयटी मुंबईत प्राध्यापक उदय खेडकर यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर उभं केलं, आणि २०१२च्या आगेमागे तिथं कार्यशाळा भरत. त्यांत पहिली गाठ ही सोडवत, की जीसीसी म्हणजे एक कंपायलर नव्हे, तो कंपायलर तयार करणारा कारखाना आहे. जे यंत्र सांगाल त्याच्या वर्णनावरून आतला बराचसा मजकूर तो ऐन वेळी आपणच लिहितो. म्हणजे जिज्ञासूनं कितीही ओळी वाचल्या तरी त्याला हवी ती ओळ अजून लिहिलीच गेलेली नसण्याचा संभव! मग त्यांनी युक्ती शिकवली. सगळं घर धुंडाळू नका. एक लहानसा प्रोग्रॅम आत सोडा आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना त्याचं काय होतं ते प्रत्येक दाराशी उभं राहून पाहा. ओसरीही नव्हे, माजघरही नव्हे. उंबरठ्यावर बसून केलेला अभ्यास.

हे सगळं आठवत मी हेमलकशाला पाऊस पाहत होतो. तिथं बसल्यावर या विषयाकडे पाहायची नजर बदलते. शाळेतली पोरं मास्तरांशी मराठीत बोलत आणि पाठ वळली की आपसांत माडियात खिदळत. म्हणजे पब्लिक मराठी आणि इंटर्नल माडिया! माझ्याविषयी काहीतरी गमतीचं चाललं होतं एवढं कळत होतं. वर्णन उपलब्ध नव्हतं. तेवढ्यावरून कल्पना आली, की २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हा इथं काय असेल. जिल्हा अजून चंद्रपूरच होता. गडचिरोली वेगळा झाला १९८२ साली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे इथं राहायला आले तेव्हा रस्ता नव्हता, वीज नव्हती, आणि डॉक्टरची भाषा पेशंटला येत नव्हती. 'कुठं दुखतं?' एवढं विचारायला माडिया शिकावी लागली. शाळा सुरू झाली १९७६ साली. २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा बाहेरच्या जगानं वर्णन वाचलं. पण आतलं सगळं त्याआधीच्या तीन तपांत, एकेक शब्द शिकून, जमवलं गेलं होतं.

आता ते झोप उडवणारं फंक्शन. बँकेच्या त्या प्रोग्रॅममध्ये दंडव्याज कुठल्या तारखेपासून लावायचं हे काढणारं एक आतलं फंक्शन होतं. त्यात तीन शाखांचे नंबर होते आणि त्या तीन शाखांसाठी हप्त्याच्या तारखेत १७ दिवस मिळवलेले होते. शेजारी एक अक्षर नाही. हे लिहिणारे बुजुर्ग गृहस्थ निवृत्त होऊन पुढे वारलेही होते. एका साफसफाईच्या मोहिमेत एका चुणचुणीत तरुणानं तो भाग पाहिला, याला आधार काय म्हणून विचारलं, उत्तर आलं नाही, आणि त्यानं तो काढून टाकला. सगळ्या चाचण्या पास झाल्या. होणारच, ज्याला कारण लिहिलेलं नाही त्याची चाचणी कोण लिहितो?

त्या पावसाळ्यात त्या तीन शाखांतल्या खातेदारांना दंड लागला. प्रत्येकी काही रुपयेच, पण ज्यांच्याकडून गेले त्यांना ते काहीच नव्हते असं नाही. तक्रार कुणी केली नाही. ज्या भागात डॉक्टरकडे यायला माणूस दोन दिवस चालतो, तिथून तक्रार अर्ज येत नसतो. पुढे कितीतरी महिन्यांनी एका शाखेतल्या कॅशियरनं आपण होऊन पत्र लिहिलं, तेव्हा उलगडा झाला. तिन्ही शाखा गडचिरोली जिल्ह्यातल्या होत्या. दंड परत केला, १७ परत आले. मी वर्णन लिहायला बसलो, तर साहेब म्हणाले, "पावसासाठी सवलत, एवढं लिहून टाका. आणि १७ कसले हो? नीटनेटके १५ करा की." पाऊस हे कारण मला पटत होतं. पण पाऊस हा काही १७ चा पाढा नव्हे.

हेमलकशाच्या नाक्यावर चहाची टपरी होती. तिसऱ्या दिवशी मी तिथं एका म्हाताऱ्या गावकऱ्याला विचारलं, "पावसाळ्यात बँकेचा हप्ता किती तारखेला भरता?"

तो हसला. "पावसात तारीख नाही पाहत जी. ओढा पाहतो."

मग त्यानं बोटांवर हिशेब सांगितला. खेड्यातला माणूस शाखेच्या गावी येणार तो आठवडी बाजाराला. ओढा भरला की तो बाजार हुकला. संततधार लागली तर पुढचाही हुकतो. म्हणजे दोन बाजारांचे चौदा दिवस झाले. आणि पाणी उतरून पायवाट चालण्याजोगी व्हायला आणखी तीन.

मी चहाचा कप हातातच धरून बसलो. चौदा आणि तीन. या हिशेबात १५ नीटनेटके दिसले असते आणि दुसऱ्या बाजारानंतर येणाऱ्या माणसाला दंड झाला असता. पुण्याला परतल्यावर मी त्या बुजुर्गांच्या घरी फोन केला. त्यांच्या मुलानं सांगितलं, की प्रोग्रॅमर व्हायच्या आधी ते बँकेत कारकून होते आणि पहिली चार वर्षं याच भागातल्या शाखेत होती. पाऊस, ओढा, बाजार हे सगळं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की ते कुणाला सांगायला हवं असं त्यांना वाटलंच नसावं. आमच्या धंद्यातला सगळ्यांत मोठा घात असाच होतो. लपवायचं म्हणून कुणी लपवत नाही; उघडच आहे म्हणून कुणी लिहीत नाही.

त्या फंक्शनवर आता सहा ओळींचं वर्णन आहे. पहिल्या ओळीत ते काय करतं. उरलेल्या पाच ओळींत ओढा, दोन बाजार, तीन दिवस, आणि १५ का चालणार नाहीत. साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "इंटर्नल फंक्शनला एवढं? हे बाहेर कुणाला दिसणारही नाही."

"म्हणूनच," मी म्हटलं.

त्यांनी थोडा वेळ विचार केला, 'उतार' आणि 'ओढा' या शब्दांना इंग्रजीत काय म्हणतात ते मला विचारलं, आणि मंजुरी दिली.